बाई, तुम्ही आम्हाला खरं सांगितलंत

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

बाबा अपिलात निर्दोष सुटले हे फोनवर कळवलंच आहे. तुम्ही फक्त "निकालाची प्रत पाठव, वाचायची आहे" एवढंच म्हणालात. प्रत पाठवतेच आहे. पण हे पत्र मी चारचौघांत लिहितेय, कारण आमच्यापायी तुम्ही जे ऐकून घेतलंत तेही चारचौघांतच. "लाचखोर नगराध्यक्षाच्या घरी शाळेतल्या बाईंचं काय काम?" असं पालकसभेत विचारलं गेलं होतं. तुम्ही म्हणालात, "तिचा इतिहास कच्चा आहे, म्हणून जाते." हे मला किती तरी वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. माझा इतिहास कच्चा नव्हता, बाई. सहामाहीला वर्गात पहिली होते.

आणखी एक गोष्ट गावाला माहीत असायला हवी. तुम्ही बाबांच्या गोटातल्या नव्हतात. शाळेच्या मैदानाच्या कडेनं गाळे काढायचा ठराव नगरपालिकेत आला, तेव्हा त्याविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांत तुम्ही पुढे होतात. बाबा तेव्हा घरी तुमच्यावर चिडून बोलायचे. ज्यांनी बाबांच्या गाडीतून मिरवलं त्यांनी शिक्षा झाल्याच्या संध्याकाळपासून आमची गल्ली सोडली, आणि तुम्ही त्याच आठवड्यात आमच्या ओट्यावर आलात.

मी नववीत होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असती, तर त्याच कोर्टात अपिलापुरता जामीन मागता आला असता. ती चार वर्षांची झाली, त्यामुळे बाबा कोर्टातूनच आत गेले. पद गेलं. एका पेपरानं पहिल्या पानावर फोटो छापला, आणि आईनं घरातले सगळे पेपर माळ्यावर टाकले. दुसरीतल्या धाकट्याला सांगण्यात आलं की बाबा दिल्लीला ट्रेनिंगला गेलेत. हे खोटं आईनं एकटीनं ठरवलं नव्हतं. आजी, मामा, शेजारच्या काकू, सगळ्यांचंच एकमत होतं. मीही त्यात होते. तो रोज विचारायचा, बाबांचा फोन का नाही येत? मी रोज नवं काहीतरी रचून सांगायचे. मग एक दिवस मधल्या सुट्टीत एका पोरानं त्याला "तुझा बाप जेलात आहे" म्हटलं. यानं त्याचं डोकं फोडलं आणि घरी येऊन अंथरुणात शिरला.

तुम्ही त्या संध्याकाळी आलात. आईला बाजूला घेऊन बराच वेळ बोललात, आणि मग तिच्यासमोरच धाकट्याला मांडीवर घेऊन सांगितलंत: "तुझे बाबा तुरुंगात आहेत. कोर्टानं म्हटलंय की त्यांनी पैसे घेतले. बाबा म्हणतात, घेतले नाहीत. आता वरचं कोर्ट सगळं परत तपासणार आहे." तो म्हणाला, "मग कोण खरं?" तुम्ही म्हणालात, "मला अजून माहीत नाही. मी कागद वाचलेले नाहीत."

मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. सगळे जण एक तर "तुझे बाबा देवमाणूस गं" म्हणत होते, नाही तर तोंड फिरवत होते. माहीत नाही असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. पण धाकटा त्या रात्री शांत झोपला, आणि पुढच्या रविवारी मी निकालाची झेरॉक्स घेऊन तुमच्याकडे आले.

ड्रेफसची गोष्ट तुम्ही मला त्याच रविवारपासून सांगायला लागलात. ती अभ्यासक्रमात नव्हती. १८९४ च्या ऑक्टोबरात फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसला जर्मनीला लष्करी गुपितं दिल्याच्या आरोपाखाली अटक झाली. तो ज्यू होता. हाताशी होता तो एक हस्तलिखित कागद, आणि त्याच्या वकिलाला न दाखवता न्यायाधीशांपुढे गुपचूप ठेवलेली काही कागदपत्रं. ५ जानेवारी १८९५ ला पॅरिसच्या लष्करी विद्यालयाच्या पटांगणात सैनिकांसमोर त्याच्या गणवेशाची बटणं, पट्ट्या ओरबाडल्या आणि तलवार मोडली. बटणांची शिवण आधीच उसवून ठेवली होती आणि तलवार पटकन मोडावी म्हणून तिला खाच पाडून ठेवली होती, हे सांगताना तुम्ही थांबलात. "बघ, तयारी किती नीट असते," म्हणालात.

पण तुम्ही मला खरं तर त्याच्या मुलांविषयी सांगत होतात. अटक झाली तेव्हा पिएर साडेतीन वर्षांचा होता, जान दोन वर्षांचीही नव्हती. आई ल्युसीनं त्यांना सांगितलं की बाबा प्रवासाला गेलेत. तो प्रवास जवळजवळ पाच वर्षं चालला. बाप दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगत डेव्हिल्स आयलंडवर एकटा. १८९६ मध्ये काही आठवडे त्याला रात्री लोखंडी बेड्यांनी पलंगाला जखडून ठेवत, आणि समुद्रही दिसू नये म्हणून झोपडीभोवती कुंपण घातलं होतं. ल्युसीनं त्याच्यासोबत बेटावर राहायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. १८९९ मध्ये दुसऱ्या खटल्यातही लष्करी कोर्टानं त्याला दोषीच ठरवलं, आणि दहा दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. मी चिडले होते. निर्दोष माणसानं माफी का घ्यावी? तुम्ही म्हणालात, "पिएर आठ वर्षांचा झाला होता. तू त्याला जाऊन विचार, माफी नाकारायची होती का." माफी घेतानाच ड्रेफसनं निर्दोषत्व सिद्ध करायचा हक्क सोडत नाही असं जाहीर केलं, आणि १२ जुलै १९०६ ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. त्याच लष्करी विद्यालयात त्याला लीजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा सन्मान दिला गेला. तिथे पिएर होता. समारंभ संपताच तो बापाच्या गळ्यात पडला.

ल्युसीनं मुलांना खोटं सांगितलं याचा मी तुम्हाला जाब विचारला होता. तुम्ही तिला नावं ठेवली नाहीत. ती मुलं लहान होती आणि रस्त्यावर ज्यूंच्या नावानं घोषणा चालल्या होत्या, म्हणालात. "पण तुझा भाऊ शाळेत जातो. त्याला मधल्या सुट्टीत उत्तर द्यावं लागतं."

मग निकाल. इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी टाइप केलेला. तुमच्या जेवणाच्या टेबलावर डिक्शनरी, पेन्सिल आणि तुमच्या सासूबाईंनी सोललेले शेंगदाणे. सापळ्याच्या नोटांना अँथ्रासीनची पूड लावतात, ती साध्या डोळ्यांना दिसत नाही आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकते, हे मला तिथे कळलं. बाबांच्या बोटांवर ती चमक सापडली होती. मी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, संपलं.

तुम्ही ठेवू दिली नाहीत. पाकीट बिलाच्या फायलीत होतं. फाईल उघडली की बोटं चमकणारच, हे बाबा पहिल्यापासून सांगत होते. तुम्ही म्हणालात, ते बाजूला ठेव. पैसे मिळाले एवढं कळलं. पैसे मागितले, हे कुठल्या पानावर आहे? आम्ही परत पहिल्यापासून बसलो. तक्रार करणारा ठेकेदार म्हणतो, मागितले. त्याच ठेकेदाराचं गटाराचं काम बाबांनी दोनदा नापास केलं होतं. आणि जो पंच सोबत राहून बोलणं ऐकणार होता, तो उलटतपासणीत म्हणतो की मी व्हरांड्यात थांबलो होतो, बोलणं ऐकू आलं नाही. ती ओळ निकालातच होती. तिच्याविषयी पुढे एक शब्द नव्हता. तुम्ही तिच्याखाली बारीक रेघ मारलीत आणि चष्मा काढून मला म्हणालात, "आता मला माहीत आहे."

बाई, त्या वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली. आधीच "देवमाणूस" म्हणणाऱ्यांचा शब्द मला कधीच पुरला नसता.

आणि हो, कायद्यानंही शेवटी तेच विचारलं. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालच्या सापळ्यांत नुसत्या नोटा सापडणं पुरेसं नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलंय. डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानंही म्हटलं की मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध झालेच पाहिजेत, मात्र तक्रारदार मरण पावला किंवा उलटला तर ते परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही सिद्ध करता येतात. आमच्या अपिलाच्या निकालात व्हरांड्यातल्या पंचावर जवळजवळ दोन पानं आहेत.

तुरुंगातल्या मुलाखतीला मुलांना न्यायचं नाही, हा आजीचा हट्ट तुम्हीच मोडलात. जाळीच्या पलीकडे बाबा आधी आमच्याकडे बघेचनात. धाकट्यानं ओरडून सांगितलं, "बाबा, मला सगळं माहितेय!" मग ते रडले, मग हसले, मग माझे गणिताचे मार्क विचारले. फाटकावर हातावर मारलेला जांभळा शिक्का दुसऱ्या दिवशी वर्गात दिसू नये म्हणून मी बाही ओढून बसले होते. तुम्ही फळ्यावर बोलावलंत, बाही वर सरकली, तुम्ही शिक्का बघितलात आणि म्हणालात, "लिही. वेस्टफालियाचा तह, साल." तुम्ही मला सूट दिली नाहीत. वर्गानंही मग माझ्याकडे तसं बघणं हळूहळू सोडलं.

काही महिन्यांनी शिक्षेला स्थगिती मिळून बाबा घरी आले. लोकांना वाटतं तिथे त्रास संपतो. अपील चालू असेपर्यंत माणूस दोषीच असतो. माझं लग्न ठरताना, धाकट्याला नोकरी लागताना, बाबांनी साध्या सोसायटीच्या मीटिंगला जाताना, दर वेळी तो शब्द आमच्या आधी तिथे पोचलेला असायचा. या काळात तुम्ही रिटायर झालात, पुण्याला गेलात, आणि दर दिवाळीला पत्रात एक ओळ असायची: "अपील कुठवर?"

हायकोर्टात जाशील तेव्हा टिळकांचा फलक बघ, असं तुम्ही सांगितलं होतंत. बघितला. २२ जुलै १९०८ ला ज्युरीनं सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर, ज्युरी काहीही म्हणो, मी निर्दोष आहे, असं ते जिथे म्हणाले, त्या कोर्टरूमबाहेर त्यांचे शब्द कोरलेत. १९५६ साली हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तो फलक लावला. सगळे टिळकांचे शब्द वाचून पुढे जातात. मी तिथे उभी राहून त्यांच्या मुलाचा, श्रीधरचा विचार करत होते. १८९६ चा जन्म, म्हणजे वडील मंडालेला गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि वडील तिथे असतानाच १९१२ मध्ये त्याची आई गेली. त्याच्याजवळ कोण बसलं असेल?

ड्रेफसच्या गोष्टीत सगळ्यांना त्याच्या बाजूनं जाहीर पत्र लिहिणारा लेखक झोला आठवतो. मला कर्नल पिकार आठवतो. ज्यूंविषयी त्याचं मत काही चांगलं नव्हतं. पण १८९६ मध्ये त्या कागदावरचं अक्षर एस्तेराझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचं आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि गप्प बस म्हटल्यावर तो बसला नाही. त्याला ट्युनिशियात धाडलं, पुढे तुरुंगातही टाकलं. बाबांना मी मागच्या आठवड्यात सांगितलं की बाई आमच्या पिकार आहेत. ते म्हणाले, "मैदानाच्या बाबतीतही त्यांचंच बरोबर होतं."

हे त्यांना तुम्हाला समोर सांगायचंय. रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही चौघंही येतोय. प्रतीत व्हरांड्याची पानं दुमडून ठेवलीत, आधी ती वाचा. जेवायला आहोत, पण काही करत बसू नका, आई डबा आणणार आहे.

तुमची विद्यार्थिनी