मायनर कोणता, ते प्रवेशाआधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागल्यापासून आमच्या घरात एकच विषय आहे. मुलीला बीएमएम, म्हणजे मास मीडियाची पदवी, करायचीय. (2019 पासून त्याला बीएएमएमसी म्हणतात, पण जुनं नाव तोंडातून जात नाही.) शेजारपाजारचे सांगतात, कॅमेरा आणि एडिटिंग हल्ली यूट्यूबवर फुकट शिकता येतं, त्यासाठी डिग्री कशाला? कॅमेऱ्यापुरतं ते खरंही असेल.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका पेढीवर हिशेब लिहिते. परवा मुलीने सरावासाठी एक बातमी लिहून मला वाचायला दिली. मथळा झकास होता : ‘लासलगावात कांदा दोन हजारांवर, गृहिणींच्या डोळ्यांत पाणी’. मी विचारलं, ‘‘दोन हजार कशाचे गं?’’ ती गप्प. लासलगावचा भाव क्विंटलचा असतो. म्हणजे किलोला वीस रुपये, यात रडण्यासारखं काय आहे? तो कांदा नेरूळमध्ये आमच्या दारावर पस्तीसला पडत असेल, तर मधल्या पंधरा रुपयांत आडत किती, हमाली-तोलाई किती, गाडीभाडं किती आणि सडका म्हणून बाजूला काढलेला माल किती, ही खरी बातमी. ती लिहायला भाषा लागते तसं थोडं अर्थशास्त्रही लागतं.

म्हणूनच मला या पदवीतला ‘मायनर’, म्हणजे जोडविषय, महत्त्वाचा वाटतो. पूर्वी दोन वर्षं सगळ्यांना सारखे विषय आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता, असा मामला होता. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून आली. अभ्यास आता क्रेडिटमध्ये मोजतात : सत्राला 22 क्रेडिट, तीन वर्षांचे 132, चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर 176. त्यात मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या विषयाचा एक मायनर घ्यायचा असतो. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, काहीही. महापालिकेचं अंदाजपत्रक वाचता येणारी किंवा भरतीचं पाणी अडलं की नेरूळच्या तलावावरून फ्लेमिंगो का उठतात हे समजणारी वार्ताहर या जोडविषयातूनच घडू शकते. कागदावर ही रचना मला मनापासून आवडली.

मग आम्ही ठाणे आणि नवी मुंबईतली तीन कॉलेजं फिरलो. माहितीपुस्तिकांत स्टुडिओचे फोटो, फेस्टिव्हलचे फोटो, पाहुण्या कलाकारांचे फोटो. मायनरविषयी एका पुस्तिकेत दोन ओळी, बाकी दोन्हींत तेवढंही नाही. एका खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘ते नंतर ठरतं मॅडम, मुलं किती येतात त्यावर.’’ दुसरीकडच्या प्राध्यापिका बिचाऱ्या मोकळेपणाने बोलल्या. कोर्स विनाअनुदानित, त्यामुळे जे शिक्षक आहेत त्यांना जमेल तोच विषय मायनर. त्यांची अडचण मला समजते. दहा मुलांसाठी वेगळा शिक्षक नेमणं कोणाला परवडेल? पण मग फी भरून घेण्याआधी तसं छापा की! गेल्या वर्षी कोणते मायनर प्रत्यक्ष चालले आणि प्रत्येकाला किती मुलं होती, एवढा एक तक्ता पुरे.

दुसरं, मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेत प्रत्येक मुलाचं खातं उघडलंच आहे, तर शेजारच्या कॉलेजात जाऊन मायनर करण्याची सोय का असू नये? ठाणे ते वाशी लोकलने अर्ध्या तासाचा रस्ता. क्लाससाठी याहून लांब जाणारी मुलं आमच्याच सोसायटीत आहेत. विद्यापीठाने चार-चार कॉलेजांना एकत्र बसवून वेळापत्रकात एक दुपार मोकळी ठेवायला लावावी.

मुलीच्या अर्जात पहिल्या पसंतीची जागा अजून कोरी आहे. सोमवारी पेढीवरून अर्धी रजा घेऊन आम्ही पुन्हा त्या खिडकीवर जाणार आहोत. या वेळी प्रश्न लेखी नेणार आणि उत्तरही लेखी मागणार. त्या बातमीचा मथळा मात्र तिने बदललाय.

– एक पालक, नेरूळ, नवी मुंबई