लॅबमधल्या त्या ताईचे आभार

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहितोय.

दुसऱ्या वर्षाला हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेची पहिली असाइनमेंट होती: यादीतल्या आकड्यांची बेरीज. हसूच आलं. पण फॉर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करून घ्यायची सोय) नाही, आणि व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत बदलायची नाही! तोवर फक्त सी शिकलेला मी तीन तास अडकलो. प्रोग्रॅम दर वेळी अगदी शेवटी कोसळायचा. सबमिशन सकाळी.

शेजारी एक सीनियर ताई स्वतःचं काम करत बसली होती. तिने माझ्या कीबोर्डला हातही लावला नाही. एका वाया गेलेल्या प्रिंटआउटच्या पाठीवर लिहिलं: ३, १, ४ यांची बेरीज म्हणजे ३ अधिक उरलेल्यांची बेरीज. खाली पुन्हा तसंच. शेवटी रिकामी यादी उरली, तेव्हा पेन माझ्या हातात दिलं. "हिची बेरीज किती?"

शून्य. माझ्या कोडमध्ये नेमकी तीच ओळ नव्हती.

मग म्हणाली, आता अधिकच्या जागी गुणिले लिही आणि शून्याच्या जागी एक. सांगाडा तोच राहिला, गुणाकार मिळाला. म्हणजे अधिक की गुणिले, हे त्या सांगाड्याला बाहेरून देता येतं; फंक्शनलाच फंक्शन देता येतं, हे मला तेव्हा कळलं. यामागचं लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे फंक्शनांचं गणित, अलोंझो चर्च या गणितज्ञाने १९३० च्या दशकात मांडलं, म्हणजे आजच्यासारखे संगणक येण्याआधीच, हेही तिनेच सांगितलं.

उत्तर बरोबर येईपर्यंत ती थांबली. तिचं स्वतःचं काम तसंच उघडं पडलं होतं.

ताई, तो कागद अजून माझ्याकडे आहे. मनापासून आभार.