न भेटलेल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपली भेट कधी झाली नाही. तुम्ही पाहिलात तो माझ्या कातडीचा काचेवरचा पातळ काप. पण माझ्या खांद्यामागच्या गाठीचं खरं नाव तुम्ही शोधलंत, म्हणून हे पत्र.

गाठ सहा-सात वर्षं होती. जुन्या व्रणासारखी कडक, न दुखणारी, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग ती फुगली, काळी पडत गेली. बायोप्सीच्या पहिल्या रिपोर्टात ‘मेलानोमाची दाट शक्यता’ असं आलं, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा घातक कॅन्सर. काखेतल्या लसिका ग्रंथी काढून तपासायचंही ठरलं. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

माझ्या सर्जननी ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड तुमच्याकडे पाठवल्या. आठ दिवस उत्तर आलं नाही आणि खरं सांगते, मला तुमचा राग आला होता. त्या आठ दिवसांत काय चाललं होतं ते तुमचा फोन आला तेव्हा कळलं. लांबट पेशींची चटईसारखी वीण आणि चरबीत मधाच्या पोळ्याच्या जाळीसारखी शिरलेली गाठ पाहून तुम्हाला मेलानोमा पटेना. ब्लॉकमधून नवे काप काढून तुम्ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखण्याची तपासणी, केलीत. गाठीच्या बहुतेक पेशी सीडी ३४ या प्रथिनाला रंगल्या, मेलानोमात सहसा रंगणाऱ्या एस १००ला नाही. एस १००ला रंगल्या त्या अधूनमधून विखुरलेल्या, फांद्या फुटलेल्या, रंगद्रव्यानं भरलेल्या पेशी. म्हणजे ज्या काळेपणानं आम्ही सगळे घाबरलो, तो त्या थोड्या पेशींचा होता! तेवढ्यावरही न थांबता तुम्ही एका वेगळ्याच गाठीची खूण असलेली, १७ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांमधली अदलाबदल तपासून घेतलीत.

‘हा मेलानोमा नाही, पण निरुपद्रवी गाठही नाही,’ असं तुम्ही आधी सांगितलंत आणि मग नाव: बेडनार ट्यूमर. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स या मुळातच दुर्मिळ आजाराचा रंगद्रव्य असलेला प्रकार. त्या आजाराच्या शंभर रुग्णांत पाचांहूनही कमी जणांत आढळणारा. बेडनार नावाच्या डॉक्टरांनी १९५७ साली त्याचं वर्णन केलं, हेही तुम्हीच सांगितलंत. मी कागदावर लिहून घेतलं, स्पेलिंगसकट.

नाव बदललं तसे उपचार बदलले. ही गाठ लसिका ग्रंथींत क्वचितच जाते, म्हणून काखेतलं ऑपरेशन रद्द झालं. पण दिसते त्याहून लांबवर ती मुळांसारखी पसरते, म्हणून भोवतीची तीन सेंटिमीटर निरोगी कातडी आणि स्नायूवरच्या आवरणापर्यंतचा भाग काढावा लागला. सगळ्या कडा स्वच्छ असल्याचं तुम्ही कळवेपर्यंत सर्जननी जखम बंद केली नाही. ते दिवस ड्रेसिंगवर काढणं सोपं नव्हतं. तरी पुन्हा उगवलेली गाठ पुन्हा कापण्यापेक्षा ते कितीतरी बरं होतं. तिथं आता मांडीची कातडी लावली आहे. गाठ त्याच जागी परत येऊ शकते, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते.

पेशंट सर्जनला पेढे देतात, स्लाइड वाचणाऱ्याचं नावही विचारत नाहीत. मीही विचारलं नव्हतं. रिपोर्टाखालची सही नीट पाहिली ती घरी आल्यावर.

माझा ब्लॉक तुमच्याकडेच राहू द्या. विद्यार्थ्यांना शिकवताना त्या स्लाइड दाखवायच्या असतील तर माझी संमती आहे. पत्रासोबत तशी सही केलेला कागद जोडला आहे.

तुमची कृतज्ञ,
एक पेशंट