कुलगुरूंनी यंत्रासमोर तालीम करावी, सांत्वन मात्र स्वतः करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार होऊन तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी महाविद्यालयातील एका कार्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा ईमेल पाठवला. एकमेकांची काळजी घ्या, सर्वांना सामावून घ्या, असा त्याचा आशय होता. मजकुराच्या तळाशी मात्र हा मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे केल्याची नोंद होती. विद्यार्थी दुखावले, चिडले आणि त्या कार्यालयाला माफी मागावी लागली. वाक्यांत व्याकरणाची किंवा सभ्यतेची चूक नव्हती. ज्यांनी आपल्यासोबत दुःख करायला हवे होते त्यांनी ते काम दुसऱ्याकडे सोपवले, याचा तो राग होता.

हीच साधने आता आपल्याकडच्या कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता आणि प्राचार्यांच्या टेबलावर आहेत. विद्यापीठीय नेतृत्वाची भावनिक बुद्धिमत्ता वाढवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची असेल, तर ती नेमकी कशासाठी हे आधी ठरले पाहिजे. आमचे मत स्पष्ट आहे. अवघड संभाषणाची तालीम करायला, म्हणजे चॅटबॉटला समोरच्या माणसाची भूमिका देऊन बोलण्याचा सराव करायला, हे साधन फार चांगले आहे. स्वतःची भावना लिहून घ्यायला किंवा दुसऱ्याची भावना मोजायला ते वापरू नये.

तालमीची गरज खरी आहे. माणूस अधिष्ठाता किंवा कुलगुरू होतो तो संशोधन, अध्यापन आणि प्रशासकीय अनुभवाच्या बळावर. शिष्टमंडळ चिडून आत आले तर पहिले वाक्य काय बोलायचे, हे त्या वाटेवर कुणी शिकवत नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी फसली, निकाल रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. मूळ दोष तयारीचा आणि तंत्राचा होता हे खरे, पण जाहीर केलेल्या तारखा पुन्हा पुन्हा हुकल्या आणि प्रत्येक तारखेबरोबर विश्वास घटत गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीला १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. इतक्या कमी दिवसांत ऐकून घ्यायचे तर ऐकण्याची सवय आधीच अंगी हवी.

सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली. पुढे तिची चार अंगे ठरली: भावना ओळखणे, विचारासाठी तिचा उपयोग करणे, ती समजून घेणे आणि ती सांभाळणे. यंत्रासोबतची तालीम मुख्यतः शेवटच्या दोन अंगांना उपयोगी पडते. समोरच्याचा चेहरा, थरथरणारा हात, आवंढा यांतून भावना ओळखणे हे पहिले अंग मजकुरात उतरतच नाही. ते माणसांत बसूनच येते.

तालमीसाठी प्रसंग नीट लिहावा लागतो आणि बहुतेक प्रयोग इथेच फसतात. ‘चिडलेल्या विद्यार्थ्याची भूमिका कर’ एवढेच सांगितले तर यंत्र दोन वाक्यांत शांत होते आणि ‘समजले सर, धन्यवाद’ म्हणून मोकळे होते. वापरणाऱ्याला खूश ठेवण्याकडे या प्रणालींचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला आपल्या मॉडेलचे (चॅटबॉटमागच्या प्रणालीचे) एक अद्ययावत रूप अति हांजी हांजी करते म्हणून मागे घ्यावे लागले होते. म्हणून पात्राची माहिती तीन थरांत द्यावी: ते आल्या आल्या काय बोलेल, नीट ऐकून घेतले तरच काय सांगेल आणि काय कधीच सांगणार नाही. उदाहरणार्थ, निकाल राखून ठेवलेला विद्यार्थी आधी फक्त ‘निकाल कधी?’ एवढेच विचारेल. अधिकाऱ्याने मध्ये न बोलता दोनदा ऐकले, तरच तो सांगेल की दहा दिवसांत मूळ गुणपत्रिका दिली नाही तर नोकरी जाईल. घरी कर्ज आहे हे तो सांगणारच नाही. सोबत आचरणाचे नियमही द्यावेत. अधिकाऱ्याने परिपत्रकाचा क्रमांक सांगितला की पात्राची उत्तरे तुटक व्हावीत. ‘बघतो, करतो’ म्हटले की त्याने तारीख मागावी. किमान १२ ते १५ उत्तरे-प्रत्युत्तरे होईपर्यंत समाधान दाखवू नये आणि भूमिका सोडून सल्ला देऊ नये.

प्रसंग आपल्या कार्यालयातलेच घ्यावेत. मानधन थकलेले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, अधिछात्रवृत्तीचा हप्ता अडकलेली संशोधक विद्यार्थिनी, मार्गदर्शकाविरुद्ध तोंड उघडायला घाबरणारा पीएचडीचा विद्यार्थी, वसतिगृहाच्या पाण्यावरून आलेले शिष्टमंडळ, अनुकंपा नियुक्तीची फाईल वर्षानुवर्षे न हललेला शिक्षकेतर कर्मचाऱ्याचा मुलगा. शेवटचा प्रसंग सर्वांत कठीण आहे, कारण तिथे अधिकाऱ्याच्या हातात देण्यासारखे बहुधा काही नसते. नकार माणुसकीने कसा द्यायचा, याचा सराव तिथेच होतो.

मराठीची अडचण वेगळी आहे. यंत्राचा विद्यार्थी पाठ्यपुस्तकातले मराठी बोलतो. नंदुरबारहून किंवा गडचिरोलीहून आलेला, साहेबांच्या दालनात पहिल्यांदाच पाय ठेवणारा मुलगा तसा बोलत नाही. तो अर्धे वाक्य बोलून थांबतो. त्यामुळे पात्राच्या तोंडची आठ-दहा नमुना वाक्ये स्वतः लिहून द्यावीत. बोलीभाषेचा आग्रह मात्र धरू नये. यंत्राकडून तिची नक्कल होते, आणि ती खेड्यातल्या मुलांची टिंगल वाटते. आवाजी तालमीत आणखी एक खोट आहे. आपण क्षणभर थांबलो की यंत्र आपली पाळी समजून बोलू लागते, आणि ऐकणाऱ्याने गप्प राहण्याचा सराव बुडतो. बटण दाबून बोलण्याची सोय असेल तर ती वापरावी, नाहीतर लिहूनच तालीम करावी.

प्रसंग संपला की परीक्षण करायचे, तेही नव्या, कोऱ्या संभाषणात. ‘मी सहानुभूतीने बोललो का?’ असे विचारले तर कौतुकच ऐकायला मिळते. संवादाची प्रत द्यावी, ‘हा एका अधिकाऱ्याचा संवाद आहे’ एवढेच सांगावे आणि मोजता येतील असे प्रश्न विचारावेत. एकूण शब्दांपैकी अधिकाऱ्याचे किती? समोरच्याचे म्हणणे त्याने स्वतःच्या शब्दांत किती वेळा परत मांडले? नियमाचा उल्लेख कितव्या वाक्यात आला? तारखेविना किती आश्वासने दिली? कोणत्या वाक्यानंतर समोरच्याचे उत्तर आखडले? प्रत्येक उत्तरासोबत मूळ वाक्य जसेच्या तसे मागावे आणि ते प्रतीत खरोखर आहे का, हे स्वतः तपासावे, कारण नसलेली वाक्येही यंत्र ठासून उद्धृत करते. मोजणीतही ते चुकते, तेव्हा आकडे एकदा हाताने पडताळावेत. समुपदेशनातल्या प्रेरक मुलाखत पद्धतीत एका प्रश्नामागे ऐकलेले परत मांडणारे एक वाक्य ठीक आणि दोन चांगली मानतात. प्रशासकाने सुरुवातीला एकास एक गाठले तरी पुष्कळ झाले. दर प्रश्नाला ‘अर्ज दिलाय का?’ असा प्रतिप्रश्न करण्याची सवय त्यातून लगेच उघडी पडते.

दुसऱ्या फेरीत भूमिका उलटवाव्यात. अधिकारी विद्यार्थी होतो आणि यंत्र पहिल्या फेरीतली त्याचीच वाक्ये वापरून अधिकारी होते. आमच्या मते साऱ्या पद्धतीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. ‘नियमानुसार कार्यवाही होईल’ हे वाक्य समोरच्या खुर्चीत बसून ऐकले की ते कानाला कसे लागते, हे व्याख्यानातून कळत नाही. दोन्ही फेऱ्या आणि परीक्षण तासाभरात होतात. त्यानंतर मानसशास्त्र किंवा समाजकार्य विभागातल्या एखाद्या सहकाऱ्यासोबत वीस मिनिटे बोलणे आवश्यकच आहे. ते गाळले तर अधिकारी फक्त यंत्राला आवडेल असे बोलायला शिकतो. सहानुभूतीची तयार वाक्ये पाठ करून आलेला माणूस विद्यार्थ्यांना लगेच ओळखू येतो.

गोपनीयतेत मात्र सवलत नको. खरी तक्रार सार्वजनिक चॅटबॉटमध्ये चिकटवून ‘यांच्याशी कसे बोलू?’ असे विचारणे गैर आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीबाबत २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारीतला मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करण्यास मनाई करते. नाव बदलले म्हणून भागत नाही. ‘या विभागातली एकमेव महिला संशोधक’ एवढ्यावरून व्यक्ती कळते. प्रसंग पूर्ण काल्पनिक असावेत. मॉडेल विद्यापीठाच्याच संगणकावर चालवण्याचा पर्यायही आहे. सुमारे आठ अब्ज पॅरामीटरचे (पॅरामीटरची संख्या म्हणजे मॉडेलच्या आकाराचे माप) मॉडेल १६ जीबी मेमरीच्या संगणकावर चालते, पण इतक्या लहान मॉडेलचे मराठी कच्चे असते, हे धरून चालावे.

कॅमेऱ्याने चेहरे वाचून विद्यार्थ्यांचे किंवा कर्मचाऱ्यांचे मन कळते असा दावा करणाऱ्या प्रणाली तर विद्यापीठांनी घेऊच नयेत. चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, असा निष्कर्ष लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन मांडला. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपल्या चेहरा-ओळख सेवेतून भावना ओळखण्याची सोय काढून घेण्याचे जाहीर केले. युरोपीय संघात शिक्षणसंस्था आणि कामाच्या ठिकाणी असा वापर फेब्रुवारी २०२५ पासून निषिद्ध आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळून. ज्याला दालनाबाहेर येऊन ‘काय झाले?’ विचारता येते, त्याला या कॅमेऱ्याची गरज नाही.

सुरुवात करायला नवी संस्था काढावी लागणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मालवीय मिशन या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाखालची केंद्रे राज्यात आहेत. त्यांनी मराठीतले आठ-दहा प्रसंग तयार करून सर्व विद्यापीठांना खुले करावेत, आणि ते विद्यार्थी प्रतिनिधी व शिक्षकेतर कर्मचारी संघटनांकडून आधी तपासून घ्यावेत. साहेब काय बोलल्यावर माणूस तुटतो, हे त्यांना सर्वांत चांगले ठाऊक असते. परिणाम स्वयंमूल्यांकनाच्या प्रश्नावलीवर ठरवू नये, कारण तिथे सगळेच स्वतःला समंजस ठरवतात. सहा महिन्यांनी हाताखालच्या लोकांकडून निनावी अभिप्राय घ्यावा आणि विद्यार्थी तक्रार निवारण समितीच्या पातळीवरच किती तक्रारी मिटल्या, किती विद्यापीठाच्या लोकपालांकडे (समितीवरचे अपील ऐकणाऱ्यांकडे) गेल्या, हे पाहावे. तालमीच्या प्रती मात्र त्या अधिकाऱ्याकडेच राहाव्यात. त्या गोपनीय अहवालात किंवा पदोन्नतीच्या फाईलमध्ये जाणार असतील, तर तिथे कुणी खरे बोलणार नाही. हे लेखी आश्वासन पहिल्या सत्राआधीच द्यायला हवे.

आपले,
उच्च शिक्षणातील प्रशासकीय प्रशिक्षणाशी संबंधित काही शिक्षक, पुणे