घड्याळ बिघडलेले नाही

फ्रँकफर्ट, १२ नोव्हेंबर

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

परवा आप्पा फोनवर म्हणाले, की दादाबरोबर पाठवलेले हवामान-यंत्र बैठकीत लागले, बाहेरचे तापमानही दिसू लागले, पण घड्याळ भलतीच वेळ दाखवते आणि कोपऱ्यातले मनोऱ्याचे चित्र सारखे लुकलुकत राहते, तेव्हा यंत्र परत पाठवावे का. आप्पा, यंत्र चांगले आहे, परत पाठवू नका. फोनवर आवाज तुटत होता म्हणून सगळे नीट लिहून पाठवते.

हे घड्याळ रेडिओवरून वेळ घेते. माझ्या घरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर माइनफ्लिंगेन नावाचे गाव आहे आणि तिथले केंद्र १९५९ पासून ७७.५ किलोहर्ट्झची लहर सोडते आणि १९७३ पासून तिच्यावर तारीख-वेळही पाठवते. दर सेकंदाला त्या लहरीचा जोर क्षणभर उतरतो. तो एक दशांश सेकंद उतरला तर शून्य आणि दोन दशांश उतरला तर एक, अशी खूण धरायची. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला मात्र जोर उतरतच नाही आणि त्यावरून घड्याळाला नवे मिनिट सुरू होत असल्याचे कळते. अशा खुणा ओळीने जुळवून ते तास, मिनिटे आणि तारीख वाचते. पण ही लहर भरवशाने मिळते ती दोनेक हजार किलोमीटरपर्यंत, आणि आपला केळीचा मळा इथून साडेसहा हजारांच्याही पुढे आहे. आपली प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, मात्र या घड्याळाला पकडता येईल अशा लहरीवर ती मिळत नाही. म्हणून ते बिचारे रोज रात्री मनोरा शोधत बसते आणि त्यात सेल उगाच खर्ची पडतात.

तेव्हा आधी रेडिओचा शोध बंद करायचा. मागचे मनोऱ्याचे बटण चित्र नाहीसे होईपर्यंत दाबून धरा. त्यानंतर ‘सेट’चे बटण दाबून धरले, की तास लुकलुकू लागेल. वेळक्षेत्र विचारले तर तिथे शून्यच राहू द्या, कारण या यंत्रात पूर्ण तासांचीच क्षेत्रे आहेत आणि आपला ग्रिनिचच्या वेळेपासूनचा साडेपाच तासांचा फरक त्यात बसत नाही. वेळ हातानेच लावा. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर आप्पा मनगटावरचे घड्याळ लावत, तसेच हेही महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून पाहिले म्हणजे पुरे.

आता खरा मुद्दा. दादाने पाठवलेल्या फोटोत बाहेरचा सेन्सर पडवीच्या पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला ठोकलेला दिसतो. त्यामुळेच दुपारी ३९ अंशांचा आकडा आला. तो पत्र्याचा आणि भिंतीचा ताप आहे, हवेचा नव्हे. दुपारच्या चुकीने फारसे बिघडत नाही, पण तीच भिंत रात्री ऊब सोडत राहते. म्हणजे जानेवारीत यंत्र १२ अंश दाखवील आणि नाल्याकडच्या सखल वाफ्यांत, जिथे गार हवा उतरून साचते, तिथे केळीला थंडीचा चरका बसत असेल. वेधशाळेचे तापमापक पांढऱ्या, फटी असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असतात. आपणही तसेच करू. बागेच्या कडेला लाकडी खांब रोवा, त्यावर दोन बाजूंनी फटी असलेले पांढरे खोके ठोका आणि त्यात सेन्सर टांगा. खांबापासून बैठकीच्या खिडकीपर्यंत मध्ये केळीची रांग येऊ देऊ नका, कारण सेन्सर आकडे रेडिओलहरीवरूनच घरात पाठवतो आणि पाण्याने भरलेल्या पानांत ती लहर दबते. आधी दोन दिवस खांब नुसता उभा करून आकडा येतो का ते पाहा, मगच पक्का रोवा.

सेल बदलताना आधी बाहेरच्या सेन्सरमध्ये घाला, नंतर घरातल्या यंत्रात, आणि तेव्हा दोन्ही एकाच टेबलावर ठेवा; नाहीतर एकमेकांशी जोडले जात नाहीत. अल्कलाइन पेन्सिल सेलच घ्या. चार्ज होणाऱ्या सेलचा विद्युतदाब कमी असतो.

आई, पडद्यावरच्या ढगाच्या चित्रावर विसंबून फाल्गुनात वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या गच्चीवरून उचलू नकोस. ते चित्र हवेच्या दाबावरून ठरते आणि आपल्याकडे दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, मग आभाळ कितीही निरभ्र असो. बिबड्या वाळतील का हे पाहायला आर्द्रतेचा आकडा अधिक कामाचा आहे.

हे यंत्र मी घेतले ते एकाच कारणासाठी. गेल्या जानेवारीत आप्पा रात्री तीन वाजता टॉर्च घेऊन गारठा पाहायला बागेत जात होते, आणि आई, तू दाराशी जागी बसून राहायचीस. आता ‘किमान’ तापमानाची सूचना ११ अंशांवर लावा. दहाच्या खाली गेले की केळीला धोका, आणि यंत्राची एखाद्या अंशाची चूक धरून मी एक अंश वर घेतला आहे. यंत्र वाजले, तरच ठिबक सुरू करायला आणि बांधावर धूर करायला सालदाराला हाक मारा. एरवी अंथरुणातून उठायचे नाही. पीक विम्याला मात्र हे आकडे चालणार नाहीत, तिथे महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचीच नोंद धरतात.

सकाळी ‘मेमरी’चे बटण दाबले, की रात्रीचा नीचांक दिसतो. आप्पा पावसाची नोंद ठेवतात त्याच वहीत तो लिहीत जा आणि मग बटण दाबून धरून जुनी नोंद पुसा. खांब रोवल्यावर पहिल्या तीन रात्रींचे आकडे मला कळवा, म्हणजे जागा बरोबर आहे की नाल्याकडे अजून थोडी सरकवावी, ते ठरवता येईल.

कळावे,
तुमची लेक