पोटदुखीच्या ऑपरेशनआधी लघवीची एक तपासणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुण मुलीच्या पोटात असह्य कळा, उलट्या, बद्धकोष्ठ, छातीत धडधड, रक्तदाब चढलेला. पोट दाबून पाहावं तर मऊ, सोनोग्राफीही स्वच्छ. पाळी जवळ आली की पुन्हा तेच. मग अपेंडिक्स काढलं जातं, नाहीतर ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी पाठवलं जातं. माझ्या भाचीच्या वाट्याला दोन्ही आलं. निदान झालं ते फार उशिरा: अ‍ॅक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

हिमोग्लोबिनमधलं हीम, म्हणजे त्यातला लोह असलेला भाग, शरीरात आठ टप्प्यांत तयार होतं आणि प्रत्येक टप्प्याला वेगळं एन्झाइम (ती क्रिया घडवून आणणारं प्रथिन) लागतं. त्यातलं एखादं आनुवंशिक दोषामुळे कमी पडलं की अर्धवट तयार झालेली द्रव्यं साचतात; अशा आजारांनाच पोर्फिरिया म्हणतात. काही प्रकारांत त्यांचा त्रास त्वचेला होतो. उन्हात गेलं की आग होते, फोड येतात. एका अतिदुर्मिळ प्रकारात तर तान्ह्या बाळाच्या लंगोटावर लालसर डाग पडतात. भाचीच्या प्रकारात ही द्रव्यं यकृतात तयार होतात आणि घाला पडतो मज्जातंतूंवर. त्यामुळेच त्या कळा, झोप उडणं, भास, फिट, हातापायांतलं बळ जाणं. वेळीच ओळखलं नाही तर श्वासाचे स्नायूही लुळे पडतात. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मात्र बहुधा नॉर्मल असतो, मग रक्ताशी संबंधित आजाराची शंका येणार कुणाला?

भास होतात म्हणून ‘बाहेरचं’ बघायला नेणारे नातेवाईक आहेतच. त्याहून घातक म्हणजे चुकीची औषधं. फिट थांबवायला दिलेलं फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन, काही सल्फा औषधं यांनी हा आजार उलट भडकतो. दारूने भडकतो आणि उपाशी राहिल्यानेही. अशा मुलीला हरितालिकेचा निर्जळी उपवास करू देऊ नका, नवरात्राचेही नकोत. घरातल्या वडीलधाऱ्यांनीच हे तिला सांगावं, कारण ती स्वतःहून मोडणार नाही.

तपासणी साधी आहे: कळा चालू असताना घेतलेल्या लघवीतलं पोर्फोबिलिनोजेन, म्हणजे साचणाऱ्या त्या अर्धवट द्रव्यांपैकीच एक, तपासायचं. बाटली काळ्या कागदात गुंडाळायची, कारण उजेडाने नमुना खराब होतो. उघड्यावर ठेवलेली लघवी काही वेळाने गडद तांबडी होते, हीसुद्धा मोठी खूण. प्राथमिक चाचणीला लागणारं एर्लिचचं रसायन म्हणजे काविळीच्या शंकेने लघवीतलं युरोबिलिनोजेन तपासायला लॅबमध्ये वापरतात तेच. अडतं ते एवढ्यावरच की तपासणीच्या चिठ्ठीवर हे नाव कुणी लिहीत नाही.

केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात या रोगाचं हेमिन हे औषध आहे. त्या धोरणाखाली उपचारांसाठी काही केंद्रं नेमली आहेत, मुंबईचं के.ई.एम. रुग्णालय त्यांपैकी एक आहे, आणि अशा केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण निदानच झालं नाही तर रुग्ण तिथवर पोहोचणार कसा? आरोग्य विभागाने ही चाचणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सुरू करावी, आणि वारंवार दुखणाऱ्या पण काही न सापडणाऱ्या पोटावर सुरी चालवण्याआधी ती सक्तीची करावी. निदान झालेल्या रुग्णाच्या भावंडांची आणि मुलांचीही तपासणी व्हावी. दोष पालकाकडून प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, पण कोणती औषधं टाळायची ते त्यांनाही माहीत हवं.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज