ट्यूबाचं ऐकून घेतल्याबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

नाव कुठं छापायचं नाही, असं तुम्ही बजावलंय. नाही छापत. पण तोंडी आभार मानायला लागलो की तुम्ही "मोसंबीचा रस घ्या" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे उघडं पत्र. जालन्यात ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

आमचा मामला ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी फौजी बँडमधला ट्यूबावाला. ट्यूबा म्हणजे बँडमधलं सगळ्यात खालच्या सुरांचं, फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. पचमढीला फौजी बँडचं शिकलो, नोकरी संपवून उदगीरला आलो आणि माझ्यासारखे निवृत्त गडी, शिवाय लग्नात वाजवणारी चार चांगली पोरं जमवून ब्रास बँड उभा केला. परण्यापासून वरातीपर्यंत सगळं वाजवतो. पण ट्यूबा पुढं नि बाकी बँड मागं, अशी तीन भागांची एक नवी रचना, म्हणजे कॉन्चेर्टो, आपल्यासाठी कुणाकडून तरी लिहून घ्यायची, हे मनातून जाईना. प्रत्येक सुपारीतून थोडे पैसे बाजूला टाकत मानधन जमवलं. आता लिहिणारा कोण, एवढाच प्रश्न होता, आणि तोच सुटेना.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावांची दारं आधी वाजवली. एकांच्या सहायकानं फोनवरच विचारलं, "ट्यूबा म्हणजे तो भोंगाच ना?" आणि हत्तीला लावणी नाचवायला सांगताय म्हणून हसला. दुसऱ्यांनी संगणकावर वाजवलेला नमुना धाडला. ऐकायला झकास, पण अख्ख्या पानात श्वास घ्यायला जागा नाही. त्यांच्या संगणकाला फुप्फुसं नव्हती, मला आहेत. तिसऱ्यांनी मानधन नि प्रमुख पाहुणे कोण, एवढंच विचारलं, आणि जाता जाता म्हणाले, "मराठवाड्यात हे ऐकणार कोण?" हे वाक्य अजून टोचतं. कितीक जणांनी तर उत्तरच दिलं नाही. "जमत नाही" लिहायला काय लागतं हो?

तुमच्याकडे आलो तेही तुम्हीच लिहावं म्हणून. चर्चमध्ये ऑर्गन वाजवता, कॉयरसाठी, म्हणजे तिथल्या गाणाऱ्यांच्या मेळासाठी, चार आवाजांत भक्तिगीतं बांधता, एवढं ऐकून होतो. तुम्ही म्हणालात, "मी गळ्यासाठी लिहिते. तुमच्या वाद्याला माझ्याकडून न्याय व्हायचा नाही. पण आधी वाजवून तर दाखवा."

मे महिना होता. जालन्याचं ऊन काय सांगावं! खोलीत वर तो जुना पंखा घरघरत होता. मी खालचा एक सूर अगदी हळू धरला आणि तुम्ही मधेच उठलात. मला वाटलं, झालं, हाही दरवाजा बंद. तुम्ही गेलात ते भिंतीपाशी, बटण दाबून पंखा बंद केलात. पाती थांबेपर्यंत उभ्याच राहिलात. मग बसलात, पदरानं कपाळ टिपलंत आणि म्हणालात, "याची घरघर तुमच्या खालच्या सुरांतच बसते. आता धरा परत."

बाई, नोकरीभर नि त्यानंतरही मी सगळ्यांच्या खाली वाजवलंय. ढोल वर, ट्रम्पेट वर, वरातीत फटाके वर. ट्यूबा ऐकू यावा म्हणून कुणी काही बंद केल्याचं मला आठवत नाही. तुमची साडी पाठीला चिकटली होती आणि तुम्ही डोळे मिटून सूर संपायची वाट बघत होतात. मी ट्यूबा खाली ठेवल्यावरही लगेच पंखा लावला नाहीत. म्हणालात, "लिहिणाऱ्याला एवढं कळलं तरी पुरे. ट्यूबा हळू नि खाली बोलायला लागला की बाकीच्यांनी वाटेतून बाजूला व्हायचं. हे ज्याला जमेल त्यालाच पैसे द्या."

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते पोरांना मी अजून सांगतो. ट्यूबा निघाला १८३५ साली बर्लिनमध्ये, तोही फौजी बँडच्या माणसाच्या डोक्यातून. त्यानंतर ११९ वर्षांनी, १९५४ मध्ये, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीसाठी राल्फ वॉन विल्यम्स या नामवंत इंग्रज संगीतकारांनी ट्यूबाला कॉन्चेर्टो दिला. तेव्हा त्यांचं वय ८१. वाजवला कुणी, तर त्याच ऑर्केस्ट्रात ट्यूबा वाजवणाऱ्या फिलिप कॅटेलिनेट यांनी. "एवढ्या मोठ्या माणसाला भोंगा म्हणावंसं वाटलं नाही," हे तुमचं वाक्य. ऑर्केस्ट्रा नाही, नुसता बँड आहे, म्हणून मी कचरत होतो, तर तुम्ही एडवर्ड ग्रेगसन या इंग्रज संगीतकारांचा दाखला दिलात. त्यांचा १९७६ चा ट्यूबा कॉन्चेर्टो आधी ब्रास बँडबरोबरच लिहिलेला, ऑर्केस्ट्रासाठीचं रूप नंतरचं. आणि अलीकडचा दाखला अमेरिकेच्या विंटन मार्सालिस यांचा. स्वतः ट्रम्पेटवाले, पण २०२१ मध्ये त्यांचाही ट्यूबा कॉन्चेर्टो आला, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात ट्यूबा वाजवणाऱ्या कॅरल जँच यांच्यासाठी लिहिलेला. तुमचं म्हणणं एकच. लिहिणारा स्वतः फुंकणारा हवा, नाहीतर फुंकणाऱ्याशेजारी बसायची तयारी असलेला तरी हवा. नाव किती मोठं ते नंतर बघू.

निवड कशी झाली त्याचं पुराण सांगत नाही. इच्छुकांकडून संथ, हळू वाजणारं एकेक पान मागवायचं, त्या पानाचेसुद्धा पैसे द्यायचे, फुकट लिहायला सांगायचं नाही, ही तुमची अट. पान ऐकायच्या आधी लिहिणाऱ्याचं नाव बघायचं नाही, हीसुद्धा. त्यातून निघाला परभणीचा हा पोरगा. त्यानं एक ओळ लिहायच्या आधी मला फोन केला होता. ट्यूबा कुठल्या पट्टीचा, ई-फ्लॅटचा की बी-फ्लॅटचा, सगळ्यात खालचा सूर हळू किती वेळ धरता येतो, आणि जोरात वाजवला तर दम किती लवकर संपतो? वाजवणारी माणसंसुद्धा मला हे विचारत नाहीत. त्याच्या पानावर श्वासाच्या खुणा जागच्या जागी होत्या. ट्यूबा खाली उतरला की युफोनियम नि ट्रॉम्बोन ही बाकीची भारी पितळी वाद्यं त्यानं गप्प ठेवली होती, वर नुसत्या दोन क्लॅरिनेट. मी वाजवून थांबलो, तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "हाच."

ज्यांना घेतलं नाही त्यांनाही तुम्ही स्वतःच्या हातानं पत्रं लिहिलीत, त्यात कुणाचं काय आवडलं तेही लिहिलंत. त्यातल्या एकाचा मला फोन आला. म्हणाला, नकार मिळाला तरी बरं वाटलं. पाकीट पुढं केलं तर परत केलंत, उदगीरच्या फेऱ्यांचं एसटीचं भाडं मात्र तिकिटं दाखवून, पैशापैशाचा हिशेब करून घेतलंत. असली माणसं आपल्याकडं आहेत हो. आमचा ट्यूबा गाडीत चढवायला चालक स्वतः खाली उतरतो, शाळेचे हेडमास्तर रविवारी हॉलची किल्ली घेऊन दारात उभे असतात. कुणाचा कुठं फलक नाही, सत्कार नाही. आणि ज्यांच्या फलकांखाली मी तासन्‌तास बसलो, त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. असो. जास्त बोललो तर तुम्ही रागवाल.

आता कामाचं. पहिला भाग हाती आलाय, तालीम सुरू झालीय. दुसऱ्या भागात पोरानं एके ठिकाणी सगळा बँड थांबवून मला एकट्याला सोडलंय. आमचे ट्रॉम्बोनवाले कुरकुर करायलेत, "एवढा वेळ नुसतं बसून काय करावं?" पोरगा म्हणतो, बाईंनी ऐकल्याशिवाय ती जागा पक्की करणार नाही. तेव्हा रविवारी यावंच लागेल. सकाळी दहाला बसतो आम्ही. उन्हाच्या आत पोचाल अशी गाडी पाठवतो, म्हणजे या वेळी तिकीट दाखवायचा प्रश्नच येणार नाही.

आपला नम्र,
उदगीरचा ट्यूबावाला